आफ्रिकेतल्या देशांतर्गत विस्थापितांच्या हक्कांसाठी काम करायचंय? मग सुरुवात अशी करा

मला हा प्रश्न बरेच जण विचारतात. कुणी लॉ शिकतंय, कुणी सोशल वर्क करून बाहेर पडलंय, कुणी नोकरीमुळे नैरोबी किंवा कंपालाला राहायला गेलंय आणि तिथे डोळ्यांनी बघितल्यावर गप्प बसवत नाहीये. मी स्वतः काही काळ उत्तर युगांडात, गुलूच्या आसपास जमिनीच्या तंट्यांचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेबरोबर होते, त्यामुळे खाली जे लिहितेय त्यात जमिनीबद्दल जरा जास्त येईल, ते चालवून घ्या. हे तज्ज्ञांसाठी नाही, ज्यांना शून्यापासून सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी आहे.

आधी शब्द नीट करून घ्या

मराठीत आपण निर्वासित आणि विस्थापित हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पेपरातही तसंच छापून येतं, पण या कामातली पहिली चूक तिथेच होते. २०२३ मध्ये सुदानच्या एल जेनीना शहरातून जीव घेऊन पळालेलं एक कुटुंब डोळ्यासमोर आणा. त्यातली अर्धी माणसं तीसेक किलोमीटर चालून सरहद्द ओलांडून चाडमधल्या आद्रे गावी पोचली, ती झाली निर्वासित. त्यांना १९५१ चा निर्वासितांचा करार आणि आफ्रिकेचा स्वतःचा १९६९ चा करार लागू होतो, युनोची निर्वासित संस्था त्यांची नोंद करते. उरलेली अर्धी सुदानमध्येच दुसऱ्या गावी कुणा नातेवाइकाच्या दारात जाऊन थांबली, ती देशांतर्गत विस्थापित. गोळीबार तोच, भीती तीच, गेलेलं घर तेच, फक्त मधे सरहद्द ओलांडली गेली नाही.

सुदानी माणसं हा फरक बरोबर करतात. सरहद्दीपलीकडच्याला लाजिईन म्हणतात आणि देशातल्या देशात हललेल्याला नाझिहीन. केनियात स्वाहिलीत वाकिंबिझी वा न्दानी म्हणतात, म्हणजे आतले निर्वासित. मोझांबिकमध्ये गेलात तर देस्लोकादोस ऐकू येईल. तुम्ही ज्या भागात काम करणार तिथला शब्द पहिल्या दिवशी शिका. पण एक जपा, या शब्दाला बऱ्याच ठिकाणी शिवीसारखा वास लागलाय, शाळेत मुलांना तो चिडवायला वापरतात, म्हणून माणसाशी बोलताना तिला तिच्या नावाने आणि गावाने ओळखा, या शब्दाने नको.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. निर्वासित हा कायदेशीर दर्जा आहे, कुणीतरी तो तपासून मान्य करतं. देशांतर्गत विस्थापित हा तसा दर्जा नाहीच, ती फक्त वस्तुस्थिती आहे. माणूस नाइलाजाने घर सोडून आला, सरहद्द ओलांडली नाही, झालं. कुठल्या साहेबाने शिक्का मारला तरच तुम्ही विस्थापित असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. ती व्यक्ती काल त्या देशाची नागरिक होती, आजही आहे, मतदान, शाळा, दवाखाना, जमीन, कोर्ट यावरचा तिचा हक्क काल जेवढा होता तेवढाच आजही आहे. म्हणून कुठलीही केस हातात आली की मी एकच प्रश्न आधी विचारते: नागरिक म्हणून हिचा नेमका कुठला हक्क अडकलाय आणि तो कुणाच्या टेबलावर अडकलाय? मदत किती मिळाली हा प्रश्न नंतरचा.

कुठला कायदा लागतो ते शोधा

आफ्रिकेकडे या विषयावर जे आहे ते जगात दुसऱ्या कुठल्याच खंडाकडे नाही. २३ ऑक्टोबर २००९ ला युगांडाच्या राजधानीत आफ्रिकन युनियनने एक करार मंजूर केला, त्याला सगळे कंपाला करार म्हणतात, आणि १५ देशांची मंजुरी पूर्ण झाल्यावर ६ डिसेंबर २०१२ पासून तो लागू झाला. विस्थापितांबद्दल अख्ख्या खंडाला बांधणारा हा पहिलाच करार. त्याच्याआधी १९९८ ची युनोची मार्गदर्शक तत्त्वं होती, एकूण ३०, सुदानी मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांच्या पुढाकारातून आलेली, पण ती तत्त्वं होती, कुणावर सक्ती नव्हती. कंपाला कराराने त्यातलं बरंच काही कायद्यात आणलं, आणि तो घडवण्यात झांबियाचे कायदेतज्ज्ञ चालोका बेयानी यांचा मोठा हात होता. बाहेरून कुणी आफ्रिकेला हे शिकवलं असं समजू नका, हे त्यांनी स्वतः, स्वतःच्या अनुभवातून लिहिलंय.

तर बसून हे काम करा. तुमचा देश कुठला ते ठरवा आणि आफ्रिकन युनियनच्या साइटवर त्या कराराची यादी उघडा. सही आणि मंजुरी या दोन वेगळ्या तारखा असतात, नुसती सही असेल तर तो देश पूर्ण बांधला जात नाही. तीसहून जास्त देशांनी मंजुरी दिलीय, युगांडा पहिला होता, जानेवारी २०१० मध्ये. नायजेरियाने २०१२ मध्ये दिली, इथिओपियाने २०२० मध्ये.

मग देशाचा स्वतःचा कायदा बघा, कारण तहसीलदाराच्या पातळीवरच्या अधिकाऱ्यापुढे तुम्ही आंतरराष्ट्रीय करार नाचवलात तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील, त्याला त्याच्या देशाचं कलम दाखवावं लागतं. केनियाचा २०१२ चा कायदा आहे, २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसेत हजारावर माणसं मेली आणि सहा लाखांच्या आसपास माणसं घराबाहेर पडली, त्यातून तो आला. नायजरने २०१८ मध्ये कंपाला करार आपल्या कायद्यात उतरवला, असं करणारा तो पहिला देश. काही ठिकाणी कायदा नाही पण धोरण आहे, जसं युगांडाचं २००४ चं, सोमालियाचं २०१९ चं, नायजेरियाचं २०२१ चं. धोरणावर कोर्टात केस उभी राहत नाही, पण अधिकाऱ्याला अर्ज लिहिताना ते खूप उपयोगी पडतं.

आणि यातलं काहीच नसेल तर? तर आफ्रिकन चार्टर आहे, मानवी हक्कांची सनद. मोरोक्को सोडून आफ्रिकन युनियनच्या सगळ्या देशांनी ती मंजूर केलीय. त्यातलं कलम १२ फिरण्याच्या आणि राहण्याच्या स्वातंत्र्याचं, कलम १४ मालमत्तेचं. ही दोन पाठ करा.

माणसाला भेटण्याआधी

यावर मला जरा कडक बोलायचंय. नवीन माणूस कॅम्पमध्ये जातो आणि पहिला फोन बाहेर काढतो. काढू नका. फोटो नको, व्हिडिओ नको, लाइव्ह लोकेशन तर अजिबात नको. ज्यांच्यापासून ही माणसं पळाली ते लोक फेसबुक बघतात.

मुलाखत घेण्याआधी समोरच्याला त्याच्या भाषेत सांगा की तुम्ही कोण, ही माहिती कुठे जाणार, आणि त्यातून काय होणार नाही. काय होणार नाही हे सांगणं जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही धान्य आणणार नसाल तर तसं स्पष्ट सांगा. अहो, दहा संस्थांनी येऊन दहा वेळा नावं लिहून नेलेली असतात, प्रत्येक वेळी त्या बाईला वाटलेलं असतं की आता काहीतरी होईल, आणि अकरावी तुम्ही. कुणाकडेही आधी घेतलेली माहिती असेल तर ती मागून घ्या, पुन्हा तीच कहाणी वदवून घेऊ नका.

बलात्कार किंवा लैंगिक हिंसेबद्दल कुणी बोलायला लागलं आणि तुमचं त्याचं ट्रेनिंग नसेल तर प्रश्न विचारू नका, फक्त ऐका आणि ताबडतोब आरोग्य सेवेपर्यंत पोचवा. एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भधारणा टाळण्याची गोळी १२० तासांपर्यंत. तुमची नोंद, तुमचा रिपोर्ट, तुमची केस हे सगळं त्या ७२ तासांच्या नंतर. जवळचं केंद्र कुठलं, तिथे ते औषध आज शिल्लक आहे का, गाडीचे पैसे कोण देणार, हे तुम्हाला भेटीला जायच्या आधी माहीत पाहिजे.

नावांची यादी कागदावर ठेवायची वेळ आली तर नावाऐवजी नंबर टाका आणि नंबरांची चावी दुसरीकडे ठेवा. यादीत जात, जमात, भाषा लिहू नका जोवर त्याची खरंच गरज नसेल.

अजून एक, कॅम्पबाहेर बघा. बहुतेक विस्थापित माणसं कॅम्पमध्ये नसतातच, ती शहरात भाड्याच्या खोलीत, कुणाच्या पडवीत, अर्धवट बांधलेल्या इमारतीत राहतात. कॅम्पमध्ये निदान पाण्याच्या टाकीवर कुणाचा तरी लोगो असतो, इथे काहीच नसतं, आणि ज्यांनी त्यांना घरात घेतलंय ते यजमान स्वतःच हातावर पोट असलेले. केनियाच्या कायद्याच्या नावातच विस्थापितांबरोबर बाधित समाजसुद्धा आहे, ते मला फार आवडतं. सुदानमध्ये तर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या तरुणांनी इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम नावाचे मदतगट उभे केलेत, तकाया म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात, मोठ्या संस्था जिथे पोचू शकल्या नाहीत तिथे हीच पोरं पोचली. तुमच्या भागात असं कोण काम करतंय ते आधी शोधा आणि त्यांना विचारा, आम्ही काय करू. स्वतःची नवी संस्था काढायची घाई नको.

कागद: इथे सगळ्यात जास्त काम आहे आणि सगळ्यात लवकर फळ मिळतं

माणूस रात्री पळताना रेशनकार्ड शोधत बसत नाही. आणि मग सहा महिन्यांनी कळतं की ओळखपत्र नाही म्हणून चेकपोस्टवर अडवतायत, सिम मिळत नाही, सिम नाही म्हणून मोबाइल मनी नाही, पोराला शाळेत दहावीसारख्या परीक्षेला बसता येत नाही, बाळाचा जन्मदाखला नाही, नवऱ्याचा मृत्यूदाखला नाही म्हणून जमिनीवर वारस लागत नाही. एका कागदामुळे पाच हक्क अडकतात.

कंपाला कराराचं कलम १३ प्रिंट काढून जवळ ठेवा. त्यात सरकारने विस्थापितांचं रजिस्टर ठेवायचं, हरवलेले कागद पुन्हा द्यायचे असं आहे, आणि त्यातला सोन्यासारखा भाग असा की कागद देताना अवाजवी अटी घालायच्या नाहीत, म्हणजे उदाहरणार्थ मूळ गावी परत जाऊनच अर्ज करा असं सांगायचं नाही. कारण नेमकं हेच सांगतात! ज्या गावातून जीव वाचवून आली त्याच गावच्या ऑफिसातून दाखला आण म्हणतात. दुसरा भाग, बाई आणि पुरुष दोघांनाही, आणि एकट्या पडलेल्या मुलांनाही, स्वतःच्या नावाने कागद मिळण्याचा सारखा हक्क. हे का लिहावं लागलं ते प्रत्यक्ष कामात कळतं, कुटुंबाचं कार्ड नवऱ्याच्या नावाने असतं आणि नवरा बेपत्ता.

करायचं कसं? एका कुटुंबाचा एक फॉर्म करा. घरात कोण कोण, प्रत्येकाकडे कुठला कागद होता, कुठला आहे, कुठला हरवला. मग हरवल्याचं पोलिसांकडचं पत्र किंवा प्रतिज्ञापत्र, जे त्या देशात चालतं ते. साक्षीदार कोण चालतील ते ऑफिसला आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी गावच्या मुखियाचं किंवा धर्मगुरूचं पत्र चालतं, आणि मुखियासुद्धा त्याच कॅम्पमध्ये विस्थापित म्हणून बसलेला असतो, त्याला शोधा. मग पाच पाच कुटुंबं एकत्र घेऊन जा, एकट्याला हाकलतात, पंधरा जणांना हाकलणं अवघड जातं. फी माफ होते का विचारा. नकार मिळाला तर लेखी मागा, नकार लेखी देत नाहीत म्हटल्यावर तुम्हीच त्यांच्यासमोर तारीख, वेळ, टेबल कुठलं, काय सांगितलं हे वहीत लिहा. ही वही पुढे केसमध्ये लागते, खरंच लागते.

नॉर्वेजियन रिफ्युजी कौन्सिल अनेक देशांत कागद आणि जमीन या दोन्हींवर मोफत कायदेशीर सल्ला देते. युगांडात मकेरेरे विद्यापीठाचा रिफ्युजी लॉ प्रोजेक्ट आहे, केनियात कितुओ चा शेरिया ही मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था आहे. आधी अशा ठिकाणी फोन करा. मोठ्या संकटाच्या देशात प्रोटेक्शन क्लस्टर नावाची सगळ्या संस्थांची एकत्र बैठक होते, तिथे नव्या छोट्या संस्थेलाही बसता येतं, जाऊन बसा, अर्धी माहिती तिथेच मिळते.

मतदानाचं पण विसरू नका. नायजेरियात २०१५ च्या निवडणुकीत ईशान्येकडच्या विस्थापितांना कॅम्पजवळ मतदान करता यावं म्हणून निवडणूक आयोगाने वेगळी व्यवस्था केली होती. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. जो मत देतो त्याच्याकडे नेता येतो.

घर आणि जमीन

उत्तर युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाच्या काळात लाखो माणसं कॅम्पमध्ये होती, शिखरावर असताना अठरा लाखांच्या आसपास. काही जण दहा दहा वर्षं तिथे राहिली. २००६ नंतर हळूहळू शांतता आली, माणसं परत निघाली, आणि परत गेल्यावर जे सुरू झालं ते बंदुकीशिवायचं युद्ध होतं. बांध कुठला? आपल्याकडे निदान सातबारा असतो, मोजणी मागवता येते, तरी बांधावरून डोकी फुटतात. तिथल्या अचोली समाजाच्या भागात बहुतेक जमीन परंपरेने कुळाच्या ताब्यातली, कागद नाहीच. हद्द म्हणजे एक झाड, एक ओढा, एखादं वारूळ. वीस वर्षांत झाड तोडलं गेलं आणि ज्या म्हाताऱ्यांना हद्द पाठ होती ती कॅम्पमध्ये वारली. अशा वेळी पूर्वजांची कबर हाच पुरावा. आजोबा इथे पुरलेत म्हणून ही जमीन आमची.

मला एक आजी आठवतात, त्यांनी आम्हाला हाताला धरून गवतात नेलं आणि तीन दगड दाखवले, हे सासरे, हे दीर, हा माझा मुलगा. दिराच्या पोरांनी त्यांना हुसकून लावलं होतं, नवरा कॅम्पमध्ये वारला, आता तू कोण म्हणून. त्यांच्या बाजूने बोलायला कागद नव्हता, ते तीन दगड आणि शेजारच्या दोन बायका होत्या. आम्ही काय केलं, तर दगडांची जागा नकाशावर मांडली, शेजारणींचे जबाब घेतले, कुळातल्या वयस्करांची बैठक लावली आणि तिथे ठरलं ते लिहून सगळ्यांचे अंगठे घेतले. कोर्टात गेलो असतो तर वर्षं गेली असती. त्यांना पूर्ण नाही पण घरापुरती आणि कसण्यापुरती जमीन मिळाली.

म्हणून जमिनीच्या बाबतीत माझा सल्ला असा आहे की माणूस विस्थापित झाला त्याच दिवसापासून पुरावा गोळा करायला लागा, परत जायची वाट बघू नका. घराच्या चार दिशांना काय होतं, शेजारी कोण, पाणी कुठून भरायचे, कबरी कुठे, कर भरल्याची पावती, शाळेच्या रजिस्टरवरचा पत्ता, जुना फोटो ज्यात मागे घर दिसतंय, हे सगळं म्हातारी माणसं जिवंत आहेत तोवर लिहून घ्या. विधवा आणि वेगळ्या राहणाऱ्या बायकांचं आधी घ्या, त्यांचंच सगळ्यात आधी जातं. कंपाला कराराच्या कलम ११ मध्ये सरकारने जमिनीचे असे तंटे सोडवायला सोपी यंत्रणा उभारायची असं आहे, ती कुठे आहे हे जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शहरातली गोष्ट वेगळी. मोगादिशूमध्ये विस्थापित माणसं खासगी जागेवर झोपड्या टाकून राहतात, मधे एक माणूस असतो जो जागा सांभाळतो आणि मदतीतला वाटा घेतो, तिथे त्यांना गेटकीपर म्हणतात, आणि जागेला भाव आला की एका रात्रीत हाकलतात. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस शहराच्या कडेला हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. नंतर २०१९ मध्ये सोमालिया सरकारने घरं खाली करण्याबद्दल मार्गदर्शक सूचना आणल्या. वस्तीत काम करत असाल तर जागेचा मालक कोण, तोंडी करार आहे का, तो लेखी करून घेता येईल का, नोटीस किती दिवसांची, हे बुलडोझर यायच्या आधी बघा. नोटीस मिळाल्या दिवशी तिचा फोटो, तारीख आणि आणून देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

धरण, खाण, अभयारण्य

मराठीत याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, प्रकल्पग्रस्त. कोयनेपासून सरदार सरोवरापर्यंत तो आपण वापरत आलोय, त्यामुळे मराठी माणसाला हा भाग समजवायला वेळ लागत नाही. कंपाला कराराचं कलम १० यावरच आहे. प्रकल्प सरकारी असो की खासगी कंपनीचा, विस्थापन शक्यतो टाळायचं, पर्याय शोधायचे, लोकांना पूर्ण माहिती देऊन त्यांच्याशी चर्चा करायची, आणि प्रकल्पाच्या आधी सामाजिक आणि पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करायचा. आधी, नंतर नाही.

केनियातल्या एंडोरोईस समाजाला १९७० च्या दशकात बोगोरिया तलावाच्या काठावरून उठवलं, अभयारण्य करायचं होतं. त्यांनी देशातली कोर्टं करून झाल्यावर २००३ मध्ये आफ्रिकन कमिशनकडे, म्हणजे खंडाच्या मानवी हक्क कमिशनकडे तक्रार केली, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०१० मध्ये आफ्रिकन युनियनने तो मान्य केला. माऊ जंगलातल्या ओगिएक समाजाची केस आफ्रिकन कोर्टात गेली, २०१७ मध्ये जिंकली, २०२२ मध्ये कोर्टाने सुमारे १५ कोटी ७८ लाख केनियन शिलिंग भरपाई आणि जमीन परत द्यायला सांगितली. आणि तरी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये माऊमधून पुन्हा घरं पाडून माणसांना बाहेर काढलं. हे मी तुम्हाला निराश करायला सांगत नाहीये. निकाल हातात असणं आणि नसणं यात खूप फरक आहे, ओगिएक माणूस आज अधिकाऱ्यासमोर उभा राहतो तेव्हा खंडाच्या कोर्टाने हे जंगल आमचं म्हटलंय असं सांगू शकतो. पण निकालानंतरच्या कामासाठी माणसं आणि पैसे वेगळे ठेवा, सगळे निकालाच्या दिवशी थकून घरी जातात.

तक्रार वर नेताना

क्रम लक्षात ठेवा. आधी स्थानिक अधिकारी, मग देशाचं मानवी हक्क कमिशन, मग देशातलं कोर्ट, आणि मग बाहेर. देशात दाद मागून झाली हे दाखवावं लागतं, नाहीतर बाहेर तक्रार घेत नाहीत, पण देशात केस विनाकारण वर्षानुवर्षं लोंबकळतेय किंवा दाद मागायला जागाच नाहीये असं दाखवलंत तर सूट मिळते. सुदानमधल्या दारफूर भागाच्या केसमध्ये २००९ मध्ये आफ्रिकन कमिशनने मान्य केलं की एवढ्या मोठ्या संकटात प्रत्येकाने देशातल्या कोर्टात जावं अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

कमिशन गांबियाच्या बंजूलमध्ये आहे. तिथे कुणीही तक्रार करू शकतं, पीडित स्वतः, संस्था, वकील लागतोच असं नाही. चार्टरच्या कलम ५६ मध्ये अटी आहेत, त्यातल्या दोन नवीन माणसाला गोत्यात आणतात. एक, तक्रार फक्त पेपरातल्या बातम्यांवर उभी असू नये, म्हणून ती वही, ते जबाब, त्या नोटिसा. दुसरी, सरकारबद्दल अपमानकारक भाषा नको. तुम्ही कितीही चिडलेले असा, मसुद्यातून विशेषणं काढून टाका, तारीख आणि घटना राहू द्या. नाव द्यावंच लागतं, पण ते गुप्त ठेवा अशी विनंती करता येते. तसंच कमिशनकडे २००४ पासून निर्वासित आणि विस्थापितांसाठी खास प्रतिनिधी आहे, केस तयार व्हायला वेळ असेल आणि प्रसंग तातडीचा असेल तर त्यांना पत्र लिहा, ते सरकारला विचारू शकतात.

आफ्रिकन कोर्ट टांझानियाच्या अरुशात आहे, पण माणसाने किंवा संस्थेने थेट जायचं तर त्या देशाने तशी वेगळी परवानगी दिलेली असावी लागते आणि ती फार थोड्या देशांनी दिलीय, रवांडा, टांझानिया, बेनिन, आयव्हरी कोस्ट यांनी तर दिलेली मागे घेतली. म्हणून आधी यादी बघा, मग आशा लावा. ओगिएकांची केस कमिशनमार्फत तिथे गेली होती.

पश्चिम आफ्रिकेत इकोवास या तिथल्या देशांच्या गटाचं कोर्ट नायजेरियातल्या अबुजामध्ये आहे, तिथे देशातली कोर्टं आधी करायची अट नाही, ही मोठी सोय. पण बुर्किना फासो, माली आणि नायजर जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले, आणि बुर्किनात तर वीस लाखांवर विस्थापित आहेत, त्यांच्यासाठी नव्या केसचा तो रस्ता आता बंदच धरा. पूर्व आफ्रिकी देशांच्या गटाच्या कोर्टातही ती अट नाही पण मुदत फक्त दोन महिन्यांची, घटना घडल्यापासून किंवा कळल्यापासून. दोन महिने! विस्थापित माणसाला दोन महिन्यांत छप्पर मिळत नाही. म्हणूनच तुम्ही घटनेच्या पहिल्या आठवड्यातच वकिलाशी बोलायला हवं.

परत जा असं कुणी म्हटलं तर

कॅम्प बंद करायची सरकारांना घाई असते. नायजेरियात बोर्नो राज्याने २०२१ पासून मैदुगुरी शहरातले मोठे कॅम्प बंद करत आणले आणि माणसांना पैसे आणि सामान देऊन गावाकडे पाठवलं, ज्यातल्या काही गावांभोवती बोको हराम अजून होतं. कंपाला करारात तीन वाटा आहेत, मूळ गावी परत जाणं, आहे तिथेच रुजणं, किंवा देशात तिसऱ्याच ठिकाणी वसणं. निवड त्या माणसाची, आणि ती माहिती घेऊन केलेली असली पाहिजे.

अशा वेळी तुम्ही करण्यासारखं एक साधं काम आहे. गावातले दोनतीन विश्वासू लोक, त्यात एक तरी बाई, आधी जाऊन बघून येतील याची व्यवस्था करा. विहीर चालू आहे का, शाळेत मास्तर आहे का, शेतात सुरुंग आहेत का, घरात दुसरं कुणी राहतंय का, सैन्याची चौकी किती लांब. ते परत येऊन सगळ्यांसमोर सांगतील. मग ज्याला जायचं तो जाईल, ज्याला नाही तो राहील, आणि राहणाऱ्याचं रेशन तोडलं तर ते सक्तीचं परतणं आहे असं लेखी लिहून वर पाठवा. तुमचं स्वतःचं मत, जा किंवा नका जाऊ, मधे आणू नका.

इथे महाराष्ट्रात बसून

सगळ्यांना जाता येत नाही आणि जायलाच पाहिजे असंही नाही. फ्रेंच, अरबी किंवा पोर्तुगीज येत असेल तर कागदपत्रांच्या भाषांतराला छोट्या संस्थांना फार माणसं लागतात. लॉचे विद्यार्थी कमिशनचे जुने निकाल वाचून एकेका पानात सारांश करून देऊ शकतात, तिथल्या वकिलाचे कितीतरी तास वाचतात. पैसे द्यायचे असतील तर थोडे द्या पण दर महिन्याला द्या, आणि कशावर खर्च करायचे हे त्यांना ठरवू द्या. बहुतेक वेळा तो खर्च अगदी साधा असतो, फोटोकॉपी, बसचं भाडं, फोनचा रिचार्ज, दाखल्याची फी.

२०२४ च्या शेवटी जगात ८ कोटी ३४ लाख माणसं देशांतर्गत विस्थापित होती, त्यातली जवळजवळ चार कोटी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि एकट्या सुदानमध्ये १ कोटी १६ लाख. एवढा आकडा वाचला की माणूस हतबल होतो, मीही होते. म्हणून पहिल्या महिन्यात एकच देश घ्या, त्यातला एकच जिल्हा, आणि तिथल्या दहा कुटुंबांचे कागद. कलम १३ ची प्रिंट, एक वही, जवळच्या दवाखान्याचा नंबर, एका स्थानिक वकिलाचा नंबर, एवढं पिशवीत असलं की निघा.